नुसत्या मेंदीनं केस काळे होत नाहीत

सरळच सांगते. नुसत्या मेंदीनं केस काळे होत नाहीत. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि रंग देतं तो नारिंगी-तांबूस. त्यामुळे नागपूरच्या बाजारात, इतवारीत काय नि बर्डीवर काय, कुणी ‘काळी मेंदी, एकदम हर्बल, अर्ध्या तासात काळेभोर’ म्हणत पाकीट पुढे केलं, तर ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरा-फेनिलीनडायअमीन किंवा पीपीडी असं दिसलं, की समजा तो रासायनिक डायच आहे.

डाय लावूच नये असं माझं म्हणणं नाही. लावणारीला ठाऊक तरी असावं! माझ्या जाऊबाईंनी ‘मेंदीच तर आहे’ म्हणून असलं पाकीट लावलं. दुसऱ्या दिवशी कपाळ, पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. हिरवं पान छापून हे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

झाडपाल्याचाच काळा रंग हवा तर मेंदीनंतर नीळ लावावी लागते. कपड्यांची नव्हे, निळीच्या पानांची पूड. आधी मेंदी: चहाच्या कोमट पाण्यात, थोडं लिंबू पिळून, रात्रभर भिजवलेली. आंबटपणानं रंग चांगला सुटतो. लोखंडी कढईत आवळ्याची पूड घालून भिजवली तर सकाळी वरचा थर काळपट दिसतो, कारण आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळतं. तीन-चार तासांनी नुसत्या पाण्यानं धुवायची. मग नीळ. हिला लिंबू अजिबात चालत नाही. कोमट पाण्यात कालवली की दहा-पंधरा मिनिटांत हिरव्या लगद्यावर निळसर साय धरते, ओल्या पाल्याचा उग्र वास सुटतो. तेव्हाच लावायची, ठेवून दिली की जोर जातो. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका. हवा लागून दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू नको.

आता कोरडेपणा. मेंदीनं केस राठ होतात ही तक्रार खरी आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डोक्याला थंड वाटतं म्हणून मेंदी लावून कूलरसमोर बसतात, ती तासाभरात वाळून पापडी होते. डोकं झाकून ठेवा. तेल आधी नको, रंग धरत नाही. नंतर लावा. आणि पुढच्या आठवड्यात भिजवलेली मेथी वाटून किंवा जास्वंदीची पानं पाण्यात चुरून त्याचा बुळबुळीत रस केसांना चोळा. माझ्या मते बाजारच्या कंडिशनरपेक्षा हा रस सरस आहे. धुवायला शिकेकाई. रिठा जपून, डोळ्यांत गेला तर फार झोंबतो.

तान्ह्या बाळाला मात्र मेंदी लावू नका. जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीनं फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि ही कमतरता वरून दिसत नाही.

पूड नवीन आणली, मग ती कितीही खात्रीच्या दुकानातली असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा आणि दोन दिवस थांबा. लग्न परवावर आलं असेल तर नवीन पाकीट फोडूच नका.