दूध काढायला रोज दोन तास? आधी घड्याळ बघा

‘बाळंतपणाहून परत आलेली बाई कंपनीला परवडत नाही’ हे पाच कलमांत पटवणारा मेसेज पुन्हा फिरतोय. रिकामटेकड्या गटांत फिरला असता तर सोडून दिलं असतं. पण ज्यांच्या सहीने माणसं नेमली जातात अशा ओळखीच्या लोकांकडूनच तो येतोय, वर ‘कटू पण सत्य’ अशी पुस्ती जोडून.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रजेतला पगार पाण्यात जातो. एवढं करून बाई सोडूनच जाते. राहिलीच तर दूध काढण्यात रोज दोन तास घालवते, आणि ‘टॉयलेट असताना वेगळी खोली कशाला?’ तिचं काम इतरांच्या डोक्यावर बसतं. शिवाय लेकुरवाळीचं लक्ष कामात नसतंच.

सुरुवात तिसऱ्या कलमापासून करू, कारण अज्ञान तिथे सगळ्यात उघडं पडलंय.

तान्हं बाळ साधारण दर दोन-तीन तासांनी पितं. आई आठ-नऊ तास बाहेर असेल तर तिला दोनदा, फार तर तीनदा दूध काढावं लागतं. विजेवरचा दुहेरी पंप असेल तर एका वेळेला १५ ते २० मिनिटं लागतात. हात धुणं, जोडणी, नंतर पंपाचे भाग धुणं हे सगळं धरून अर्धा तास. म्हणजे दिवसाला तास-दीड तास, आणि त्यातली एक वेळ बहुधा जेवणाच्या सुट्टीतच बसते. बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं की वेळा हळूहळू कमी होतात. दोन तास जातात तेव्हा ते दूध काढण्यात जात नाहीत. खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरण्यात जातात.

आता टॉयलेट. तिथे स्वच्छ टेबल नाही, प्लग नाही, आणि बाहेर कोणीतरी दार वाजवतंय. ताण आला की ऑक्सिटोसिनला, म्हणजे दूध बाहेर सोडणाऱ्या संप्रेरकाला, अडथळा होतो आणि पान्हा लवकर फुटत नाही, म्हणजे वीस मिनिटांचं काम चाळीसवर जातं. वेळ टळत राहिली तर दूध साचतं, छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, आणि पुढची पायरी स्तनदाह: थंडी वाजून ताप, प्रतिजैविकं, घरी झोपून काढलेले दिवस. अर्धा तास वाचवणाऱ्या साहेबांनी ते दिवसही हिशेबात मांडावेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात २०१० पासूनच स्पष्ट लिहिलंय की ही जागा आडोशाची हवी, तिथे मध्येच कोणी येता कामा नये, आणि ती टॉयलेट असता कामा नये. आणि टॉयलेटमध्ये बसून स्वतःचा डबा खायला या मेसेजवाल्यांपैकी कोण तयार आहे?

खोलीला लागतं तरी काय? आतून लागणारी कडी, पाठ टेकेल अशी खुर्ची, छोटं टेबल, हाताशी प्लग, जवळ बेसिन आणि एक लहान फ्रीज. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. फ्रीज नसेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात २४ तास. फसतं ते नेहमी त्याच कारणांनी: दार काचेचं असतं, खोलीत जुने मॉनिटर रचलेले असतात, किंवा ‘मीटिंग रूम रिकामी असेल तेव्हा वापरा’ असं सांगितलेलं असतं. ती कधीच रिकामी नसते. त्यापेक्षा कॅलेंडरवर तिच्या ठरलेल्या वेळा बंद करून टाका.

‘सोडूनच जाते.’ कधी जाते आणि का जाते, ते बघा ना. गूगलने २००७ मध्ये पगारी रजा १२ आठवड्यांवरून १८ केली, आणि नव्या आयांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. गडगंज कंपनी आहे, आकडाही तिनेच सांगितलेला, कबूल. पण माणूस गेल्यावर जाहिरात, मुलाखती, शिकवणी आणि नवख्याच्या चुका यांवर होणारा खर्च मेसेजमध्ये शून्य धरलाय. तो शून्य कसा?

पहिल्या कलमात मात्र अर्धं सत्य आहे. रजेचा सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जात असेल तर पाच-सात माणसांच्या धंद्याला तो जड जातोच, आणि मग बायकांना नेमायलाच टाळाटाळ होते. हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेलाही ठाऊक आहे. २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात म्हणूनच या रजेचा थेट खर्च सर्वसाधारणपणे एकेका मालकावर टाकू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा, असं म्हटलंय. तेव्हा भांडायचं तर विम्यासाठी भांडा. बाईशी काय भांडता?

इतरांवर बोजा पडतो, हेही खरं. तो टाकतो मात्र मॅनेजर. तिचं काम तिघांत वाटायचं आणि तिघांचं आधीचं एकही काम काढायचं नाही, मग चिडचिड होणारच. कामांची यादी सातव्या महिन्याआधी लिहून घ्या, कारण प्रसूती लवकरही होते. प्रत्येक कामापुढे नाव, पासवर्ड कुठे आहे ते, आणि काय थांबलं तर चालेल ते. शेवटचे दोन आठवडे बदली माणसाने काम करायचं आणि तिने फक्त बघायचं. यादीतल्या चुका तेव्हाच सापडतात.

राहिलं ‘लक्ष नसतं’. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ शेली करेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच तोलाचे अर्ज, फरक इतकाच की एकात पालक-शिक्षक संघातल्या कामाचा उल्लेख, म्हणजे बाई आई आहे याची खूण. प्रत्यक्ष कंपन्यांकडे अर्ज गेले तेव्हा आयांना मूल नसलेल्या बायकांच्या जवळपास निम्मीच बोलावणी आली. वडिलांचं काही बिघडलं नाही. एक दिवसही काम न बघता लक्ष नसल्याचा निकाल लागला होता.

मूल पाळणाघरात जायला लागलं की पहिले काही महिने वारंवार आजारी पडतं, हे मान्य. त्याची तयारी आधी होते: कोणत्या दिवशी आई थांबणार, कोणत्या दिवशी बाप, आणि तिच्या कामाला दुसरा हात कोण. रुजू होण्याचा दिवस सोमवार ठेवू नका, गुरुवार ठेवा. पहिला आठवडा दोन दिवसांत संपतो, आणि काय जमत नाहीये ते शनिवार-रविवारी दुरुस्त करता येतं.