आमचं चिकट सागवान

आमच्या घरातलं सागवान कडेने सुटतं. आधी कोपऱ्यात केसाएवढी पांढरी रेघ दिसते. मग तिथे नख जातं, नखामागून बोट जातं, आणि एके दिवशी कपाट उघडताना वीतभर सागवान ओढणीला चिकटून बाहेर येतं. खाली निघतो सासऱ्यांनी हौसेने लावलेला गुलाबी सनमायका. त्याची कड मात्र इतक्या वर्षांत कुठे हललेली नाही, हे सासूबाई दर वेळी नजरेस आणून देतात.

नवं फर्निचर का नाही करत, असं लोक विचारतात. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. कधीपासून जाणार आहे ते विचारू नका. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती जाणारच होती. आज-उद्या पडणाऱ्या घरात सुतार कोण बोलावतो? म्हणून मग लाकडी डिझाइनचा व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर. मागचा कागद सोलायचा, लावायचं, संध्याकाळपर्यंत घरात सागवान. पाकिटावरच्या चित्रात तर एक बाई हसत हसत एकटीनेच सगळं करते. तिच्या घरी गॅस, कुकर, पाऊस आणि माणसं यांपैकी काहीच दिसत नाही.

शिवाय हे करायचा आपला मुहूर्त ठरलेला: गणपतीच्या आधी. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनला पोहोचतो आणि गणपती येतात ऑगस्टच्या शेवटाला, नाहीतर सप्टेंबरात. मधल्या काळात घरातलं प्लायवूड ओल पिऊन फुगलेलं असतं, बिस्किटं मऊ पडलेली असतात आणि मीठ बरणीतून यायला नकार देतं. अशा हवेत आम्ही मुंबईकर ठरवतो, की चला, आता काहीतरी चिकटवू.

या व्हिनाइलची जन्मकथा मला कळली, तेव्हापासून माझा त्याच्यावरचा राग थोडा कमी झालाय. अमेरिकेत १९२६ साली वाल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ गुडरिच या टायर कंपनीत काम करत होता. रबर धातूला चिकटवेल असं काहीतरी त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने पीव्हीसी नावाचं प्लास्टिक द्रावकात घालून तापवलं आणि हाती आला एक मऊ, लवचिक पदार्थ, जो काही केल्या चिकटेना. तेच हे व्हिनाइल. म्हणजे चिकटण्याच्या परीक्षेत नापास झाला म्हणून जो जन्माला आला, त्यालाच पाठीवर गोंद फासून आपण कपाटावर उभं करतो.

बरं, त्याचा स्वभावही सरळ नाही. स्वस्तातला रोल तापलेल्या रुळांमधून दाबत, ओढत काढलेला असतो आणि ती ओढाताण तो विसरत नाही. जरा गरम झाला की आक्रसून आपल्या मूळ मापाकडे जायला बघतो. त्यात लावताना सुरकुती नको म्हणून आमचे हे दोन्ही हातांनी ताणून लावतात. तेवढ्यापुरतं गुळगुळीत दिसतं. मग गॅसजवळच्या ट्रॉलीला कुकरची वाफ लागते आणि कड पापडासारखी वळून वर येते.

कड सुटली की घरात वैद्यांना तोटा नाही. सासूबाईंचा उपाय खळ. मैद्याची खळ करून लावा, आमच्या वेळी आकाशकंदील असेच चिकटवायचे. आकाशकंदील कागदाचा होता आणि चार दिवस टिकला तरी पुरे होता, हे त्यांना कोण सांगणार? ह्यांचा उपाय सुताराचा पांढरा गोंद. तो वाळतो त्यातलं पाणी उडून गेल्यावर. इकडे प्लास्टिक, तिकडे सनमायका. पाणी जाणार कुठून? आठवड्याने उचलून बघितलं तर आत गोंद ताज्या दह्याइतका ओला. समोरच्या काकांनी इन्स्टंट ग्लू आणून दिला, थेंबभर लाव म्हणाले. तो पकडतो, नाही असं नाही. पण काचेसारखा कडक होतो, वरचं व्हिनाइल लवचिक, त्यामुळे दार चार वेळा आपटलं की टचकन तुटतो आणि कडेला पांढरी बुरशी आल्यासारखा डाग मागे ठेवतो. शेवटी मुलाने पारदर्शक चिकटपट्टी लावली. त्या पट्टीच्या दोन्ही कडा सुटायला लागल्या. आधी एक कड सांभाळायची होती, आता तीन.

मला विचाराल तर कड सुटल्यावरचे सगळे उपाय म्हणजे समजूत काढणं. खरं काम आधीचं, आणि ते कंटाळवाणं आहे. दार पुसायचं. पुसायचं म्हणजे दिसतंय ते नव्हे. फोडणीचा एक न दिसणारा थर दारावर असतो, बोंबील तळणाऱ्या घरात जरा जाडच. तो आधी भांड्याच्या साबणाने काढायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग केमिस्टकडच्या स्पिरिटचा हात मारायचा. ह्यांनी उत्साहाने करोनातला उरलेला सॅनिटायझर काढला होता. हात मऊ राहावेत म्हणून त्यात सहसा ग्लिसरीन घालतात. आमचं दार मऊ ठेवायची गरज नव्हती, म्हणून तो परत कपाटात गेला. तो कधी संपणार आहे, देव जाणे.

आणखी एक: स्टिकरच्या पाठीवरचा गोंद वाळत नाही, दाबाने पकडतो. लावल्या लावल्या चिकटलेला वाटला तरी पूर्ण जम बसायला एखाद-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस दाराला हात लावू नका असं सांगून बघा. आमच्याकडे पाचव्या मिनिटाला सासूबाई ओलं फडकं घेऊन हजर, "पुसून बघू, टिकतंय का."

पण मूळ दुखणं मापाचं. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, दीड फुटी आहे, आँख बंद करके ले जाओ." आमचं दार बरोबर दीड फूट. घरी टेप लावली तर रोल ४५ सेंटिमीटर. दीड फूट म्हणजे ४५.७२. हे सात मिलिमीटर जगात कोणालाच महत्त्वाचे नाहीत, पण कड झाकायची तर जीव त्यातच आहे. रोल दाराच्या तोंडावरच संपला, तर कड उघडी राहते आणि उघडी कड सुटते. ६० सेंटिमीटरचा रोल घेतला की दोन्ही बाजूंनी वळवून दाराच्या आत इंचभर नेता येतो. कोपऱ्यात जादाचा तुकडा कापायचा, हेअर ड्रायरने कोमट करायचं, न ताणता वळवायचं आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून थंड होईपर्यंत दाबून धरायचं. आत जिथे कड संपते तिथे कोणाची नजर जात नाही, फडकं जात नाही, आणि मुख्य म्हणजे बोट जात नाही.

कारण वाफ, ओल, गोंद या सगळ्यांहून मोठा शत्रू बोटच आहे. सुटलेली कड दिसली की भला माणूससुद्धा बदलतो. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख असे समोरचे काका गणपतीच्या दर्शनाला येतात, खुर्चीत बसतात आणि आरतीच्या गप्पा मारता मारता अंगठ्याच्या नखाने शेजारच्या कपाटाचं सागवान उचलत राहतात. त्यांना कळतही नाही. बोलावं तर पाहुणे, न बोलावं तर कपाट.

यंदा सगळ्या दारांना रुंद रोल वळवून लावलाय. उरलेल्या तुकड्यातली एक पट्टी काकांच्या ठरलेल्या खुर्चीच्या हातालगत, बरोबर नखाच्या टप्प्यात चिकटवली, दोन कोपरे मुद्दाम अर्धवट ठेवून. पहिल्याच दिवशी काका आले, बसले, उकडीचा मोदक उजव्या हातात, डावा हात पट्टीवर.

"सूनबाई, हे इथं जरा सुटलंय हं."

"हो का? बघते हं काका. तुम्ही घ्या ना अजून एक."