फटाका कुणाचा, हा प्रश्नच अपुरा

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांत तोच वाद पेटतो: फटाके आपल्या परंपरेतले की बाहेरून आलेले? सिंगापुरात चिनी शेजाऱ्यांमध्ये राहताना मला हा प्रश्नच अपुरा वाटू लागला आहे, कारण फटाका ज्यांच्याकडे जन्मला, त्यांनीच त्याचे रूप वारंवार बदलले.

सुरुवातीला त्यात दारू नव्हतीच. ओला बांबू विस्तवात टाकला की पेरांमध्ये कोंडलेली हवा आणि वाफ फुगते आणि कांडे धाडकन फुटते. सहाव्या शतकात झोंग लिन याने मध्य चीनमधील चालीरीती नोंदवल्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोंबडा आरवताच लोक अंगणात बांबू फोडून डोंगरातल्या भुताखेतांना पळवून लावत, असे तो सांगतो. चिनी भाषेत फटाक्याला आजही ‘बाओझू’, म्हणजे फुटणारा बांबू, म्हणतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण नवव्या शतकाच्या सुमारास, तांग काळात, किमयागारांच्या हाती लागले आणि त्याचे नाव पडले ‘हुओयाओ’, अग्नीचे औषध. (आपला ‘दारू’ हा शब्दही फारसीतून आलेला, आणि तिथे त्याचा अर्थ औषधच.) पुढे सोंग काळात ही दारू कागदी नळ्यांत भरली जाऊ लागली. तेराव्या शतकातल्या एका राजवाड्यातील मेजवानीत तर जमिनीवरून धावणारा ‘भुईउंदीर’ नावाचा फटाका थेट राजमातेच्या आसनाकडे गेला आणि ती घाबरून उठली, अशी नोंद आहे.

आपल्याकडचा इतिहासही कोरा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा अभ्यास ग्रंथरूपात मांडला. त्यामुळे फटाक्यांना निव्वळ परकीय ठरवणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यांना अनादी म्हणणेही तितकेच चूक.

इथे सिंगापुरात १९७२ पासून सर्वसामान्यांना फटाके फोडायला बंदी आहे. चिनी नववर्षाला माझे शेजारी दारावर लाल कागदाच्या लुटुपुटीच्या माळा टांगतात, आणि त्यांचा सण मला कधी अपुरा वाटलेला नाही. बीजिंगमध्ये मात्र १९९३ साली आलेली बंदी २००५ मध्ये सैल करावी लागली आणि नंतर पुन्हा आवळली गेली. म्हणजे तिथेही लोकांना हे सहज सोडवले नाही. पण तिथे फटाके कुणाचे याबद्दल शंकाच नव्हती. वाद होता तो धूर, आगी आणि जखमा यांचा.

आमच्या घरच्या वादात मला हेच हवे आहे. पुण्यात माझी दम्याची आई लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावून बसते, आणि फोनवर आधी तिचा खोकलाच ऐकू येतो.