‘मफलर काढा, गाडी मोकळी करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो. मफलर, म्हणजे आवाज दाबणारा मागचा डबा, काढून सरळ पाइप टाकला की ताकदही वाढते आणि मायलेजही. ‘फुल एसएस’, म्हणजे पूर्ण स्टेनलेस स्टीलचा पाइप, घेतला की आयुष्यभर बघायला नको. आवाज मोठा असला की रस्त्यावर लोक सावध राहतात. पकडलं तर किरकोळ दंड. आणि शांत आफ्टरमार्केट एक्झॉस्ट (बाहेरून बनवून घेतलेला धुराचा पाइप आणि डबा) घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन चालवणारी पोरं हे वाचून थेट तुर्भ्याच्या एखाद्या गाळ्यात जातात आणि चांगला पाइप कापून घेतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण गाडीचं नुकसान होतं आणि शेजारपाजारचे लोकही हैराण होतात.

ताकदीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. टर्बो इंजिनात बाहेर पडणारा वायू टर्बाइन फिरवतो आणि त्या जोरावर जास्त हवा आत ढकलली जाते. टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर त्या वायूला जितका कमी अडथळा तितकं चांगलं, हे बरोबर. पण हा अडथळा सगळ्यात जास्त कुठे असतो? टर्बोला लागून असलेल्या डाऊनपाइपमध्ये आणि कॅटमध्ये (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, विषारी धूर कमी करणारा भाग). मागच्या डब्याचा वाटा त्या मानाने लहान. शिवाय बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, किती ठेवायचा हे ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठरवतो. नुसता मागचा डबा कापला तर टर्बो किंचित लवकर फिरू लागेल, एवढंच. मागून येणाऱ्या गर्जनेमुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं, पण स्टॉपवॉच लावलं की भ्रम उतरतो.

आता या दाव्यातली खरी चूक. वायूचा मार्ग मोकळा ठेवायचा तर आवाजही मोकळा सोडावाच लागतो, असं तो धरून चालतो. आरपार मफलरमध्ये आतली नळी पाइपच्याच व्यासाची असते. तिला बारीक भोकं असतात आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा बेसॉल्ट लोकर भरलेली असते. वायू सरळ निघून जातो, आवाजाच्या लहरी भोकांतून त्या लोकरीत शिरतात आणि जिरतात. अडथळा जवळपास सरळ पाइपइतकाच, आवाज मात्र कितीतरी कमी. म्हणजे मफलर काढून जे मिळतं असं सांगतात, ते चांगला मफलर ठेवूनही मिळतं. कॅट काढण्याच्या सल्ल्याकडे तर वळूच नका. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाडीत कॅटच्या मागे बसवलेला सेन्सर लगेच ओळखतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तुमच्या मागच्या रिक्षावाल्याच्या छातीत विषारी धूर जातो.

मायलेजचं उत्तर छोटं आहे. एका लयीत चालणाऱ्या गाडीतून वायू इतका थोडा वाहतो की मफलरचा अडथळा जाणवतही नाही, आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण सेन्सर सांभाळतो. फरक पडणार कुठून?

‘शांत एक्झॉस्ट म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने अटल सेतू सरळ पाइपच्या गाडीतून काचा लावून पार केलेला नसावा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २४०० आरपीएमला सेकंदाला ८० स्फोट, म्हणजे ८० हर्ट्झचा घुमारा. वरच्या गिअरमध्ये ८० ते १०० किलोमीटरच्या वेगाला बऱ्याच गाड्या साधारण याच पट्ट्यात असतात. हा आवाज कानाला मोठा वाटत नाही, पण केबिनमध्ये कोंडतो आणि डोकं जड करतो. पहिल्या दिवशी मजा येते, महिन्याभराने घरातले गाडीत बसायला नाही म्हणतात.

इथेच कारागिराची खरी परीक्षा असते. लोकर चिरका, उंच आवाज छान शोषते, पण असा खालचा घुमारा तिला दाद देत नाही. त्यासाठी बाजूला एक बंद टोकाची नळी जोडतात, तिला जे-पाइप म्हणतात. तिची लांबी लहरीच्या चौथ्या भागाइतकी हवी. ४०० अंश सेल्सिअसच्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ५२० मीटर जातो. ८० हर्ट्झला लहर साडेसहा मीटरची, म्हणजे नळी सुमारे १.६ मीटरची. तीन सिलिंडरच्या इंजिनात त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ येतात आणि नळी दोन मीटरच्या पुढे जाते. गाडीखाली तेवढी जागा नसेल, तर हेल्महोल्ट्झ पद्धतीचा, म्हणजे अरुंद तोंडाचा, बंद कप्पा करतात. हे गणित करणारा कारागीर मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. चार इंची टीप (पाइपचं मागे दिसणारं टोक) आणि मुठीएवढा डबा दाखवणाऱ्याला देऊ नका. शांतपणाला डब्यात जागा लागते.

‘एसएस म्हणजे आयुष्यभर’ या दाव्याने सगळ्यात जास्त लोक फसतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. सीवूड्स ते वाशी एवढ्याच फेऱ्या असतील तर मागचा डबा पुरेसा तापत नाही, पाणी आत साचतं, आम्लधर्मी होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. अशा ठिकाणी नुसतं ‘एसएस’ म्हणून भागत नाही. २०२ ग्रेड कठड्यांना आणि गेटला वापरतात, त्यात निकेल कमी असतं आणि ते लवकर गंजतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. चुंबक चिकटला नाही तरच अस्सल स्टेनलेस, ही पद्धत इथे फसवी आहे. कंपन्या सर्रास वापरतात त्या ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो, तरी ते अस्सल स्टेनलेसच. २०२ आणि ३०४ या दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि पाइपवरचा छाप बघा.

ग्रेड चांगला असूनही जोड फुटतात. दोन मीटरचा ३०४ चा पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे १० मिलिमीटर लांबतो. फ्लेक्स पाइप (लवचिक जोड) नसेल किंवा हँगर रबर (पाइप गाडीखाली टांगणारे) ताणून बसवले असतील, तर तो सगळा ताण वेल्डवर येतो. आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. नाहीतर जोडाची आतली बाजू जळून खरखरीत होते आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय ट्यूनमध्ये, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून घेताना, एक्झॉस्टमधून फुटणारे ‘फटाके’ मागू नका. एक्झॉस्टमध्ये पेटणाऱ्या पेट्रोलने लोकर उडते, कॅटही वितळू शकतो. लोकर गेली की गाडी दर महिन्याला थोडी मोठ्याने ओरडू लागते.

सुरक्षिततेबद्दल फार लिहायला नको. टेलपाइपचं तोंड मागे असतं, धोका पुढे असतो. एसी लावून बसलेल्या पुढच्या ड्रायव्हरला तुम्ही शेजारी येईपर्यंत काही ऐकू येत नाही. ऐकू जातं ते पाम बीच रोडलगतच्या इमारतींमध्ये, जिथे तान्ही मुलं आणि आजारी म्हातारी माणसं झोपलेली असतात. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो.

‘किरकोळ दंड’ हेही खोटं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो.

एक्झॉस्ट बदलायचाच असेल तर कॅट जागेवर ठेवा आणि मूळ डबा भंगारात न देता घरी ठेवून द्या. पूर्ण पैसे चुकते करण्याआधी पाइप बनवणाऱ्या कारागिराला शेजारी बसवून ठाणे-बेलापूर रोडवर काचा लावून चक्कर मारा. वरच्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात गाडी हळूहळू न्या आणि घुमारा नेमका कुठे उठतो ते त्यालाच ऐकवा. परत आल्यावर पाइप गरम असतानाच गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, म्हणजे तो कुठे घासतोय आणि कोणता हँगर ताणलाय ते दिसेल.