ओल्या रस्त्यावर कडक शॉकअपने पकड वाढत नाही

पावसाळा तोंडावर आला की बाईकवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो: "कंपनीचे मागचे शॉकअप काढा, बाहेरचे कडक गॅसवाले टाका, प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) शेवटच्या खाचेवर न्या. ओल्यात गाडी घसरणार नाही. दोन-चार नटांचं काम आहे, घरी दहा मिनिटांत होतं." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ओल्या वळणावर चूक सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

"कडक म्हणजे पकड" इथेच गाडी रुळावरून उतरते. पकड टायर देतो. टायरला रस्त्यावर टेकवून ठेवणं एवढंच शॉकअपचं काम. पावसात आपण ब्रेक हलके दाबतो, गाडी कमी झुकवतो, थ्रॉटल जपून देतो. म्हणजे सस्पेन्शनवर येणारा जोर मुळातच कमी. एवढ्या जोराला कडक शॉकअप नीट दबत नाही आणि बारीक उंचवट्यावरून चाक क्षणभर हलकं होतं. कोरड्यात ते खपून जातं, ओल्यात तेवढ्यातच सरकतं. रेसिंगमध्येही पाऊस आला की सस्पेन्शन सहसा मऊ करतात, ते याचसाठी.

मी स्वतः एकदा शेवटच्या खाचेवरचा प्रीलोड तसाच ठेवून एकटा, सामानाशिवाय पावसात निघालो होतो. एका वळणावर डांबराला लाटा आल्या होत्या आणि प्रत्येक लाटेला मागचं चाक बोटभर बाहेर सरकत होतं. थांबलो, पान्याने दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खाचा उतरवल्या आणि त्याच वळणावरून त्याच वेगाने पुन्हा गेलो. टायर तेच, हवा तीच, पाऊस तसाच. सरकणं मात्र थांबलं.

आता प्रीलोड. तो वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी किती खाली बसते ते बदलतं. हे मोजून बघा. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग रेनकोट, बूट, बॅग असं सगळं चढवून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश हवा. चाक ८० मिमी हलत असेल तर २० ते २७ मिमी. हलक्या माणसाने प्रीलोड टोकाला नेला की हा फरक जेमतेम उरतो. मग खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नसते, ते रस्ता सोडतं. मागे माणूस किंवा सामान असेल तेव्हा प्रीलोड जरूर वाढवा, पण एकट्याने निघताना आठवणीने उतरवा.

गॅसचा फायदा खरा आहे, पण वेगळा. नायट्रोजन आतल्या तेलावर दाब ठेवतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येत नाही आणि डँपिंग, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं आवरण्याचं काम, टिकतं. ओल्यातल्या पकडीशी त्याचा थेट संबंध नाही. रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत लांब होतो ते ठरवणारी, क्लिक असेल तर ती नको तितकी घट्ट करू नका. एका उंचवट्यावर दबलेला शॉकअप पुढचा येईपर्यंत परत लांब झाला नाही, तर तो दबत दबत आखडत जातो. आणि रॉडवरचा चिखल पुसत राहा, नाहीतर सील खराब होऊन तेल गळायला लागतं.

दहा मिनिटांच्या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दोन शॉकअपची गाडी असेल तर एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही काढले की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) खाली येतो. शॉकअपच्या टोकाच्या डोळ्यातला (कडीतला) बुश बोल्टवर सैल बसत असेल किंवा ठोकून घालावा लागत असेल, तर तो शॉकअप त्या गाडीचा नाही. रबरी बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. स्प्रिंग चेनकव्हरला घासते का, पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागतो का, हे बघा. लांब शॉकअप टाकले असतील तर चेनचा ढिलेपणा नव्याने बघावा लागतो. शिवाय मागची बाजू उचलली गेल्याने पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि हँडल चपळ वाटू लागतं. ओल्यात मला तरी ते नको.

शॉकअप बदलूच नयेत असं माझं म्हणणं नाही. सीट जोरात दाबून सोडा. मागची बाजू एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डोलली, किंवा रॉडवर तेलाचा ओला थर दिसला, तर जोडीने बदला आणि स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळणारी घ्या. टायर झिजलेले असतील तर आधी ते.