खोकल्यासकट प्राइड

मालवणात ताप ही खाजगी बाब नसते. सकाळी तुम्ही दोनदा शिंकलात की दुपारी शेजारून गवती चहाची जुडी येते. संध्याकाळी कोणीतरी येऊन काढा कसा उकळायचा हे तुमच्या आईला शिकवून जातं आणि रात्रीपर्यंत तुम्ही गंभीर असल्याची बातमी कुडाळला पोचते. उलट चाळिशी ओलांडलेला मुलगा लग्न का करत नाही, ही बाब मात्र आमच्या वाडीने फार खाजगी मानली. माझ्या पाठीमागे ती चर्चा सगळ्यांनी इतकी मनापासून केली की माझ्यासमोर करायला काही उरलंच नाही.

मला पुरुष आवडतात हे लपवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यात मी तरबेज झालो. विषय बदलणं, ऐनवेळी फोन आल्याचं भासवणं, 'आधी घराची कौलं बदलूया, मग बघू' म्हणणं. कौलं तर मी दोनदा बदलली. मग २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ कलमाचा निकाल आला: समलिंगी संबंध हा आता गुन्हा नाही. आई टीव्हीसमोर लसूण सोलत बसली होती. बातमी संपल्यावर मान वर न करता तिने विचारलं, "ह्या तुझाच काय रे?" मी "होय" म्हटलं. "मगे आधी सांगूक काय झाला होता?" एवढं बोलून ती फोडणी द्यायला उठली. इतक्या वर्षांची माझी कला त्या फोडणीबरोबर वाया गेली, असं तेव्हा वाटलं होतं. यंदा ती पुन्हा कामाला आली, पण खोकला लपवायला.

त्याचं असं झालं. आमचा एक देवगडवाला मित्र अ‍ॅमस्टरडॅमला असतो. नवऱ्यासोबत, रीतसर लग्न करून. अशी लग्नं नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून होतात, जगात सगळ्यात आधी तिथेच सुरू झाली. (आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने तो विषय संसदेकडे सरकवला. कौलं बदलण्याचाच प्रकार.) तिथल्या प्राइडमध्ये, म्हणजे आमच्यासारख्यांच्या उघड, अभिमानाने साजऱ्या होणाऱ्या उत्सवात, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कालव्यांतून होड्यांची मिरवणूक निघते. १९९६ पासूनची प्रथा, ऐंशीच्या आसपास होड्या. "एकदा येच," असं मित्र दरवर्षी म्हणायचा. यंदा मी तिकीट काढलं आणि मग अकरावीच्या प्रवेशांचं काम, व्हिसासाठी मुंबईची फेरी, पुन्हा प्रवेशांचं काम आणि वर आषाढातला पाऊस असं सगळं अंगावर घेऊन निघायच्या आठवड्यात तापाने फणफणलो. ताप परत जाण्यासारखा होता, तिकिटाचे पैसे परत येण्यासारखे नव्हते. कोकणी माणसाचा निर्णय अशा वेळी क्षणात होतो.

व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो. तो कागद मी आईला वाचून दाखवला. माझ्या आजारपणाला एवढा भाव आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. आईवर काही परिणाम झाला नाही. तिची शंका मूलभूत होती. "होडी बघूक इतक्या लांब? हयसर धक्क्यार काय कमी आसत?" त्या दिवसांत आमच्या धक्क्यावरच्या होड्या झापांखाली झोपलेल्या असतात, हे सांगून उपयोग नव्हता. शेवटी तिने एकच अट घातली, "नारळी पुनवेच्या आदी परत ये," आणि बॅग भरायला घेतली.

युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून मी तुपाची बरणी बाहेर काढली. आई दुखावली. मग तिला नियमाचा पुढचा भाग सांगितला: स्वतःपुरती मासळी माणशी वीस किलोपर्यंत चालते. युरोपबद्दल तिचं मत त्या क्षणी कायमचं सुधारलं. सुका बांगडा, कुळथाचं पीठ, सोलं, ज्येष्ठमधाच्या काड्या, उकडे तांदूळ आणि एक लोकरी कानटोपी. प्राइडसाठी मी खास शिवून घेतलेला मोरपिशी कुर्ता तिने सगळ्यात खाली, बांगड्याच्या शेजारी ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी रामेश्वराला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गुरवाने विचारलं, "काम काय म्हणान सांगू?" माझा घसा तापाने आधीच कोरडा पडला होता, आता पुरता आटला. आई शांतपणे म्हणाली, "होड्यांची जत्रा आसा." गुरवाने मान डोलावली. "म्हणजे पाण्यातला काम. नारळ दोन ठेवा."

"बा देवा रामेश्वरा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"आज तुझो ह्यो झील साता समुद्रापलीकडे चल्लो हा..."

"होय म्हाराजा!"

"ज्या कामाक जाता हा त्या कामाक येश दी, आणि तेचो खोकलो हयच्या हय थांबव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असं सगळे ओरडले आणि नेमका त्याच वेळी मी खोकलो. जगात कुठल्या प्राइडला जाणाऱ्या माणसासाठी ग्रामदैवताला गाऱ्हाणं घातलं गेलं असेल, मला माहीत नाही. देवाला नक्की काय कळलं तेही माहीत नाही. मी आपला दोन नारळांवर विश्वास ठेवला.

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने, जपून धावते. दरडींची धास्ती असते. त्यामुळे कुडाळहून निघालेल्या मला खोकला दाबायला भरपूर वेळ मिळाला. करोनानंतर डब्यात खोकणाऱ्याकडे लोक पूर्वी माझ्या मनगटातल्या रंगीत धाग्याकडे बघायचे तसे बघतात. मग जुन्या युक्त्या बाहेर काढल्या. खोकला आला की घसा खाकरल्यासारखं करायचं, फोन कानाला लावून "हां, हां" म्हणायचं, नाहीतर डब्याच्या दाराशी जाऊन निसर्ग बघायचा. रत्नागिरी गेल्यावर करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. कुडाळपासून साठवलेला सगळा खोकला मी त्या बोगद्यात मोकळा केला. आवाज गाडीच्या खात्यावर गेला. विमानात बोगदे नसतात, ही त्या वाहनातली मोठी उणीव आहे.

अ‍ॅमस्टरडॅमला मित्राचं घर चौथ्या मजल्यावर आणि जिना शिडीचा सख्खा भाऊ. तिथली जुनी घरं इतकी अरुंद की कपाटं, पलंग जिन्याने जातच नाहीत. बहुतेक घरांच्या माथ्यावर एक आकडा असतो, त्याला दोर बांधून सामान खिडकीतून आत घेतात. मी खाली उभा राहून त्या आकड्याकडे आशेने पाहिलं. मित्र म्हणाला, "तो फर्निचरसाठी आहे." त्या घटकेला माझ्यात आणि फर्निचरमध्ये फरक उरला होता, असं मला वाटत नाही.

मित्राच्या नवऱ्याने दवाखान्यात फोन लावला. सल्ला मिळाला, पॅरासिटामॉल घ्या, विश्रांती घ्या, ताप राहिलाच तर पुन्हा फोन करा. पॅरासिटामॉल मी मालवणातून निम्मं दुकान भरेल इतकं आणलं होतं. मग तो घशासाठी म्हणून औषधांच्या दुकानातून काळ्या वड्यांची पिशवी घेऊन आला. तिथे त्यांना 'ड्रॉप' म्हणतात आणि लहानथोर त्या खाऊ म्हणून चघळतात. एक तोंडात टाकली. आधी ज्येष्ठमधाची चव आली, म्हटलं, आईचंच औषध की! मग मागून खारट, झोंबणारं काहीतरी आलं आणि मला थेट लहानपणीचा कल्हईवाला दिसला. खाऱ्या ड्रॉपमध्ये चक्क नवसागर घालतात. ज्याने आमची पातेली चकचकीत होत, तो पदार्थ हे लोक हौसेने चघळतात. पण एक खरं, कफ सुटला. नवसागर आपल्या खोकल्याच्या औषधांतही असतोच, फक्त आपण त्याला खाऊ म्हणत नाही.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ताप जरा उतरला म्हणून 'होमोमोन्युमेंट' बघायला गेलो. गुलाबी ग्रॅनाइटचे तीन मोठे त्रिकोण, १९८७ साली उभारलेले. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्याची ही आठवण. एक त्रिकोण पायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यापर्यंत उतरतो, तिथे लोक फुलं ठेवतात. दुसरा जमिनीपासून थोडा उंच, बसण्याजोगा. तिथे बसलो. माझी लपवाछपवी कौलं, फोन आणि बोगद्यावर भागली. ज्यांच्या छातीवर तो त्रिकोण शिवला गेला, त्यांना लपवायची मुभाच नव्हती. शेजारच्या बाईंनी माझे भरलेले डोळे पाहून रुमाल पुढे केला. निम्मं पाणी सर्दीचं होतं. ते मी सांगितलं नाही.

शनिवारी कालव्याच्या दोन्ही काठांवर, पुलांवर, खिडक्यांत माणसंच माणसं. होड्यांवर ढोल, पिसारे, उघडे खांदे, अंगभर चमकी. हवा विशीतली, अधूनमधून भुरभुर. आणि पुलाच्या कठड्याला टेकून मी: स्वेटर, मफलर, तोंडाला मास्क, कानटोपी. मोरपिशी कुर्ता आत होता, फक्त बांगड्याच्या वासावरून त्याचं अस्तित्व कळत होतं. सगळ्या गर्दीत नखशिखान्त झाकलेला मी एकटाच, त्यामुळे लोक थांबून माझे फोटो काढू लागले. एकाने विचारलं, हा कोणाचा वेश? मित्र म्हणाला, "मालवणी आईचा मुलगा." त्या माणसाने अत्यंत आदराने मान झुकवली.

तेवढ्यात उंच टाचांवर तोल सांभाळत एक ड्रॅग क्वीन (झगमगीत बायकी सोंगातला पुरुष) माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हिरव्या पिसांचा मुकुट धरून सात फूट तरी. दशावतारात रात्रभर नऊवारीत वावरणारे पुरुष बघत मी वाढलो, मला नवल नव्हतं. मी फक्त रंग ओघळत कसा नाही ते निरखत होतो. आणि तेव्हाच तो खोकला आला, पोटाच्या तळातून, करबुड्याच्या तोडीचा. दाबायचं सुचलं नाही की दाबावासा वाटला नाही. मी वाकून, कठडा धरून, यथेच्छ खोकलो. तिने माझी पाठ थोपटली, पाणी दिलं आणि मग दोघांचा फोटो काढायला लावला.

तो फोटो मित्राने स्टेटसला टाकला. त्याची चुलत बहीण मालवणात दिलेली आहे. म्हणजे पुढचं सांगायला नकोच. मिरवणुकीतली शेवटची होडी जाण्याआधी फोटो आमच्या वाडीत पोचला होता. मागे इंद्रधनुषी झेंडे, डाव्या बाजूला चुंबन घेणारे दोन पुरुष, मध्ये मी. निरोप धडाधड आले. "किती वाळलंस!" "पेज खातंस मा?" "मफलर नीट बांद." झेंड्यांविषयी एक अक्षर नाही.

दोन दिवसांनी ताप गेला, खोकलाही गेला आणि मित्र आजारी पडला. कुळथाची पिठी मी चौथ्या मजल्यावर रांधत होतो, तेव्हा धाकट्या काकीचा व्हिडिओ कॉल आला. झेंडे तिला दिसले नसतील यावर माझा विश्वास नाही. या बाईला धक्क्यावरून येणाऱ्या होडीत कुठली मासळी आहे ते कळतं. तब्येतीची चौकशी झाली, पावसाची झाली. मग ती फोनच्या जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फोटोत तुझ्या बाजूक तो पिसांवालो उभो आसा, तो कोण रे? उंच आसा चांगलो. लगीन झाला काय तेचा?"

ती कोणासाठी विचारत होती कोण जाणे. काकीला एक लग्नाची भाची आहे आणि मी एक पुतण्या आहे. मला काही उत्तर सुचेना, म्हणून मी जोरजोरात खोकलो.