मुलींच्या सुपरहिरोंचा चित्रपट फक्त मुलींनीच का पाहावा?

‘डीसी सुपर हिरो गर्ल्स: हिरो ऑफ द इयर’ हा 2016 सालचा सुमारे सव्वा तासाचा ॲनिमेशनपट खेळणी खपवण्यासाठीच काढला होता, असा आक्षेप अनेक पालक घेतात, आणि तो खोडून काढण्यात अर्थ नाही. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने वॉर्नर ब्रदर्स आणि बॅटमॅन-सुपरमॅनची कॉमिक्स काढणारी डीसी यांच्या साथीने 2015 मध्ये हा सगळा पसारा मांडला. त्यात बाहुल्या होत्या, पुस्तके होती, इंटरनेटवरचे छोटे भाग होते, आणि चित्रपट मागाहून आला. मात्र त्याआधीची गोष्टही लक्षात घ्यायला हवी. कार्टूनलेखक पॉल डिनी यांनी 2013 मध्ये एका पॉडकास्टवर सांगितले होते की, सुपरहिरोंच्या मालिकांना मुलींचा प्रेक्षकवर्ग मिळालेला वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांना नको असतो, कारण मुली ती खेळणी घेत नाहीत असे ते धरून चालतात. ज्या हिशेबाने मुलींना इतकी वर्षे दाराबाहेर उभे केले, त्याच हिशेबाने अखेर त्यांना आत बोलावले गेले, एवढाच काय तो फरक.

हेतू धंद्याचा असला, तरी पडद्यावर जे उतरले आहे ते मला मनापासून आवडले. त्याचे श्रेय कथेपेक्षा ती जिथे घडते त्या, सुपरहिरो घडवणाऱ्या शाळेला जाते. ‘सुपर हिरो हाय’ या शाळेच्या मुख्याध्यापिका अमांडा वॉलर, उपमुख्याध्यापक चक्क गोरिला ग्रॉड, आणि वंडर वुमनची रूममेट कोण, तर हार्ली क्विन! कॉमिक्स वाचणाऱ्यांना यात गंमत वाटेल, कारण ग्रॉड हा फ्लॅश या वेगवान सुपरहिरोचा जुना वैरी, आणि हार्लीला याच डिनी व ब्रूस टिम यांनी 1992 मध्ये बॅटमॅनचा शत्रू जोकर याची साथीदार म्हणून जन्माला घातले होते. पॉयझन आयव्ही, कॅटवूमन, चीता या कॉमिक्समधल्या खलनायिकाही इथे वर्गमैत्रिणीच आहेत. आयव्ही लाजरी आणि प्रयोगात रमणारी, चीता जरा कुजकट. पण कुणावरही खलनायिकेचा शिक्का अजून बसलेला नाही. लहान मुलांच्या चित्रपटात इतका समंजसपणा क्वचितच दिसतो.

दुसरी जमेची बाजू निव्वळ संख्येची आहे. मुलग्यांची टोळी आणि तिच्यात तोंडी लावण्यापुरती एक मुलगी, ही मुलांच्या कार्यक्रमांची खोड अमेरिकी लेखिका कॅथा पोलिट यांनी 1991 मध्येच दाखवून दिली होती. त्या एकट्या मुलीला शहाणी, सुंदर आणि समजूतदार असण्यावाचून गत्यंतर नसते, कारण समस्त मुलींचे प्रतिनिधित्व तिच्याच गळ्यात पडलेले असते. इथे नायिकाच इतक्या आहेत की एखादीने धांदरट असावे, एखादीने बढाया माराव्यात, तरी बिघडत नाही. सुपरगर्लकडे अफाट ताकद आहे, पण ती आवरता आवरत नाही. बॅटगर्लकडे कसलीच दैवी शक्ती नाही, फक्त डोके आणि स्वतः जुळवलेली यंत्रे आहेत. माझ्या भाचीने मात्र या दोघींना सोडून बंबलबी निवडली. कारण विचारले, तर म्हणाली, “ती लहान होऊन कुठेही घुसते ना!”

कथेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डार्क ओपल आणि एक्लिप्सो हे खलनायक चित्रपट संपताच विसरले जातात, आणि शेवटची हाणामारी नेहमीच्याच वळणाने जाते.

माझी खरी तक्रार शीर्षकाबद्दल आहे. त्यात ‘गर्ल्स’ ठळकपणे घातल्यामुळे मुलगे असलेल्या घरांत हा चित्रपट लावलाच जात नाही. मुली बॅटमॅन पाहतात तेव्हा कुणाला काही खटकत नाही; मुलाने वंडर वुमनची बाहुली उचलली की मात्र दुकानात मोठ्यांची चुळबुळ सुरू होते. फ्लॅश आणि बीस्ट बॉय हे मुलगेही याच शाळेत शिकतात, मुलींच्या बरोबरीने वावरतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मुलग्यांनी बघावे असे या चित्रपटात काही असेल तर ते नेमके हेच आहे, आणि वेष्टनावरचे नाव पाहूनच त्यांचे आईवडील तो बाजूला ठेवून देतात.